ऑलिंपियात मिल्टियाडीसचं शिरस्त्राण पाहिलं... ग्रीक सैनिकाची ढाल, भाला आणि चिलखत

सह्यवारा

नमस्कार मंडळी,

मागच्या महिन्यात ग्रीसला जाऊन आलो. बायकोला सँटोरिनी बघायचं होतं, मला ऑलिंपिया. दोन्ही झालं. ऑलिंपियाच्या संग्रहालयात एका काचेच्या पेटीपुढे मी अर्धा तास तरी उभा होतो. आत कांशाचं शिरस्त्राण, हिरवट पडलेलं, जागोजागी खाल्लं गेलेलं. खालच्या कडेला बारीक कोरलेली अक्षरं: 'मिल्टियाडीसने झ्यूसला अर्पण केलं.' इ.स.पू. ४९० मध्ये मॅरेथॉनला अथेन्सच्या सेनेला जिंकून देणारा मिल्टियाडीस तो हाच, असं बहुतेक अभ्यासक मानतात. त्या माणसाचं डोकं या भांड्यात होतं, या विचाराने अंगावर काटा आला.

पण मग प्रश्न सुरू झाले. हे कोरिंथियन घडणीचं शिरस्त्राण. डोळ्यांना दोन फटी, मधे नाकावर पट्टी, गाल झाकलेले आणि कान पूर्ण बंद. आत ऐकू काय येणार? बाजूचं काय दिसणार? ग्रीसच्या उन्हात हे घालून लोक लढत कसे होते?

दुसरं म्हणजे, आमच्या गाइड बाई जाता जाता बोलून गेल्या की टोप किंवा चिलखत टाकून पळालेल्याला स्पार्टात फारसं कुणी बोलत नसे, पण ढाल टाकून पळालेल्याची इज्जत जायची. का, ते विचारायच्या आत आमचा गट पुढच्या दालनात गेला. तेव्हापासून हे डोक्यातून जात नाहीये. जाणकारांनी सांगा.

निवांत_वाचक

वाखूसा (वाचनखूण साठवली). चहा घेऊन बसलोय, येऊ द्या.

तांबटआळी

ढालीचं जाणकार सांगतील, मी टोपाबद्दल बोलतो. माझं आजोळ पुण्याच्या तांबट आळीतलं. सुट्टीत भट्टीजवळ बसून असायचो. पत्रा सरळ कधीच वळत नाही. भट्टीत लाल करायचा, मग ठोकायचा. ठोकून ठोकून तो कडक होतो आणि हातोडीचा आवाज बदलतो, 'ठप्प' होता तो 'टिंग' येतो. आजोबा पाठ करून बसलेले असले तरी तेवढ्यावरून सांगायचे, "आता परत भट्टीत घाल, नाहीतर फुटेल." एका हंड्याला असे कितीतरी फेरे.

आता हे शिरस्त्राण बघा. एका अखंड पत्र्यातून काढलेलं आहे. माथा, गाल, नाकाची पट्टी, मानेवरचा घेर, कुठेही सांधा नाही. आणि तांब्याचं नाही, कांशाचं. तांब्यात साधारण दहावा हिस्सा कथील घातलं की धातू हट्टी होतो, तडकायलाही लवकर तयार. त्यात नाकाच्या पट्टीशी पत्रा जाड राखायचा आणि मागे पातळ न्यायचा. शेवटचं ठोकणं गार पत्र्यावर, म्हणजे कडकपणा टिकून राहतो. ज्या कारागिराने हे केलं त्याच्या हातांना माझा दंडवत. संग्रहालयात पाटीवर मिल्टियाडीसचं नाव असतं, घडवणाऱ्याचं नसतं, याची मला नेहमी हळहळ वाटते.

अश्मक

सुंदर प्रतिसाद, तांबटआळी. कडेची बारीक भोकं राहिली. अनेक टोपांच्या कडेने भोकांची ओळ असते, आतलं अस्तर त्यात शिवलेलं असायचं. नुसत्या पत्र्यावर घाव बसला तर डोकं घंटेसारखं घणघणेल.

सह्यवारा, लढाई नसताना हा टोप मागे सरकवून कपाळावर ठेवत. नाण्यांवर अथीना देवी तशीच दिसते. आणि तुमचा कानाचा प्रश्न ग्रीकांनाही पडला असणार. कारण नंतर कानाशी कापलेले टोप आले, आणि इ.स.पू. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात तर साधा शंकूसारखा, चेहरा पूर्ण मोकळा असलेला पिलोस टोप खूप चालला.

बाकीचा सरंजाम थोडक्यात. ढाल म्हणजे 'अॅस्पिस', व्यास सुमारे ९० सेंटिमीटर, वजन ६ ते ८ किलो, आत लाकूड, बाहेर बहुधा कांशाचा पातळ पत्रा. भाला म्हणजे 'डोरी', दोन ते अडीच मीटर, पुढे लोखंडी पातं, मागे कांशाची अणी. कमरेला 'झिफोस' ही आखूड सरळ तलवार. छातीला कांशाचं किंवा तागाचं चिलखत. पोटऱ्यांवर कांशाचे पत्रे. त्या पत्र्यांना बऱ्याचदा पट्टे नसत, धातूच्या लवचिकपणावर ते पायाला चापून बसत. जुन्या पुस्तकांत सगळ्याचं वजन ३० किलोच्या वर सांगत. अलीकडे १५ ते २२ किलो धरतात.

असा सरंजाम घेऊन लढणारा पायदळ सैनिक म्हणजे हॉप्लाइट. हा शब्द 'हॉप्लॉन' म्हणजे ढाल यावरून आला असं सर्रास वाचायला मिळतं. पण 'होप्ला' म्हणजे एकूण हत्यारं-पात्यारं. ढालीला त्यांचा रोजचा शब्द अॅस्पिस.

मुळामुठा

म्हणजे सिनेमात स्पार्टाचे लोक उघड्या छातीने लढतात ते खोटं? मी तर त्यापायी जिम लावली होती!

अश्मक

जिम चालू ठेवा, ती वाया जात नाही 😊 छाती मात्र झाकलेली असायची. लाल कपडा आणि कांशाची ढाल स्पार्टाच्या सैनिकाला नेमून दिलेली होती, हे ग्रीक लेखक झेनोफोन लिहितो आणि तो त्या लोकांबरोबर राहिलेला माणूस. ढालीवरच्या उलट्या 'व्ही'सारख्या लॅम्डा अक्षराचा पुरावा पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातला आहे. इराण्यांशी झालेल्या थर्मोपिलीच्या लढाईत, इ.स.पू. ४८० मध्ये, तो प्रत्येक ढालीवर दाखवणं घाईचं होईल.

गडकरी_नाना

ढाल ढाल काय चाललंय? लढाई भाल्याने जिंकतात. ग्रीक इतिहासकार हेरोडोटस थर्मोपिलीच्या वर्णनात स्पष्ट म्हणतो की इराण्यांचे भाले ग्रीकांपेक्षा आखूड होते आणि अरुंद जागेत त्यांच्या संख्येचा उपयोग होईना. हातभर लांबीचा फरक म्हणजे समोरचा तुमच्यापर्यंत पोचायच्या आत मेला.

शिवाय मागच्या अणीला ग्रीक म्हणायचे 'सॉरोटर', पालींचा, सरड्यांचा काळ. भाला जमिनीत रोवून ठेवायला, पुढचं पातं मोडलं तर उलटा धरून लढायला, आणि आडव्या पडलेल्याला संपवायला. एका दांड्यात दोन हत्यारं.

ढोलवाली_मीनल

मला इतिहासातलं फार कळत नाही, पण रांगेतलं कळतं. नऊ वर्षं पथकात ढोल वाजवतेय. कमरेला ढोल बांधून मिरवणुकीत सहा-सात तास चालताना वजन जाणवत नाही, ठेका चुकला की जाणवतं. एका टिपरूवाल्याचा हात मागे पडला की शेजारच्याचा पडतो, आणि बघता बघता अख्खी ओळ विस्कटते. या सैनिकांच्या रांगेला ठेका कोण द्यायचं?

अश्मक

मीनल, फार नेमका प्रश्न. बासरीवाला. 'औलोस' हे दोन नळ्यांचं वाद्य, आपल्या सनईच्या जातीचं. इ.स.पू. ४१८ मधल्या मँटिनियाच्या लढाईत स्पार्टाची सेना औलोसच्या तालावर सावकाश पुढे आली. इतिहासकार थ्युसिडिडीस मुद्दाम सांगतो की हे देवधर्मासाठी नाही, पावलं सारखी पडावीत आणि रांग फुटू नये म्हणून. रोममध्ये एक मातीचा रंगवलेला कुंजा आहे, इ.स.पू. ६४० च्या आसपासचा. त्यावर दोन सैन्यं भिडतायत आणि मधे एक पोरगा गाल फुगवून औलोस वाजवतोय. त्याच्या हातात शस्त्र नाही.

ढोलवाली_मीनल

तो पोरगा आता माझ्या डोळ्यांपुढून हलणार नाही.

रनर_राजू

मॅरेथॉनचं नाव निघालं म्हणून आलो. अथेन्सचं सैन्य तिथे आठ स्टेडिया, म्हणजे जवळजवळ दीड किलोमीटर, पळत गेलं म्हणतात. मी चार पूर्ण मॅरेथॉन पळालोय. मला हे शक्य वाटत नाही. दोन किलोची पाण्याची बॅग पाठीवर असली तरी खांदे भरून येतात. आठ किलोची ढाल एका हातावर, पुढे धरून?

अवांतर: ग्रीकमध्ये मॅरेथॉन म्हणजे बडीशेपेचं रान. आमच्या ग्रुपमध्ये शर्यत संपल्यावर बडीशेप वाटायची पद्धत मी त्यावरून सुरू केली, आता सगळे हक्काने मागतात.

अश्मक

राजू, तुमची शंका रास्त आहे. १९७० च्या दशकात अमेरिकेत विद्यार्थ्यांच्या हातात ढालीसारखं वजन देऊन त्यांना पळवून पाहिलं. ढाल छातीशी उचलून धरली की शंभर मीटरसुद्धा धड होईनात. म्हणून काही जण म्हणतात की बरंचसं अंतर झपझप चालत कापलं आणि इराणी बाणांच्या टप्प्यात शिरल्यावर पळाले. ढाल हलकी धरली तर हळू पळणं जमतं, असंही काही जण मांडतात.

वैद्यबुवा

वजनावरून एक ताजी गोष्ट. हॉप्लाइटच्या सात-आठशे वर्षं आधीचं, मायसीनी काळातलं एक पूर्ण कांस्य-चिलखत १९६० मध्ये डेंड्रा गावाजवळ सापडलं. पत्र्यांचे घेर एकाखाली एक लटकवलेले, गळ्याला उंच कॉलर. बघितलं तर पिंप घातल्यासारखं वाटतं, म्हणून ते फक्त मिरवायचं असेल असं बरेच जण धरून चालले होते. २०२४ मध्ये ग्रीसच्या थेसाली विद्यापीठाच्या संशोधकांनी त्याची प्रतिकृती तेरा मरीन सैनिकांना चढवली आणि अकरा तास लढाईच्या हालचाली करून घेतल्या. खायला होमरच्या काळासारखं: पाव, मांस, बकरीचं चीज, ऑलिव्ह, कांदे आणि लाल वाईन. सगळ्यांनी ते पार पाडलं. शरीराचं तापमान, नाडी, सगळं मोजलेलं आहे.

त्याच थडग्यात रानडुकराच्या सुळ्यांच्या टोपाचे अवशेष होते. सुळे उभे चिरून त्यांच्या चकत्या ओळीने शिवायच्या. इलियडच्या दहाव्या सर्गात ओडिसियसला असाच टोप देतात. होमरच्या काळी तो वापरातून जाऊन शेकडो वर्षं झाली होती. वस्तू गेली आणि वर्णन तोंडोतोंडी टिकलं, याचं मला अपार कौतुक वाटतं.

कापूसकोंड्या

अश्मक, तुम्ही तागाचं चिलखत एका शब्दात उरकलंत. माझ्या आयडीची शपथ, मी हे सोडणार नाही.

जवसाच्या धाग्याचं कापड, थरावर थर. पाँपेईच्या मोझेइकमध्ये अलेक्झांडरच्या अंगात जे दिसतं ते या धाटणीचं मानतात. हलकं, वाकता येतं, उन्हात तापत नाही. अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठात एका प्राध्यापकांनी विद्यार्थ्यांसोबत थर सरसाने चिकटवून असं चिलखत बनवलं आणि त्यावर खरे बाण मारून पाहिले. ते छान टिकलं. पण मूळचे थर चिकटवलेले होते की गोधडीसारखे शिवलेले, की चित्रांत दिसतं ते चामडंच आहे, यावर भांडण चालू आहे. मी गोधडीच्या बाजूचा. आमच्या आईची सात थरांची गोधडी आहे, सुई आरपार काढायला अंगठ्याला चामडं बांधावं लागतं.

इजिप्तचा राजा अमासिस याने ऱ्होड्सवरच्या लिंडोसला, अथीनेच्या देवळात असंच एक चिलखत पाठवलं होतं. हेरोडोटस म्हणतो, त्यासारख्याच दुसऱ्या एका चिलखताच्या एकेका धाग्यात ३६० पदर होते, आणि नक्षी सोन्याची आणि 'झाडावरच्या लोकरीची'. झाडावरची लोकर म्हणजे कापूस! हाच हेरोडोटस दुसरीकडे लिहितो की भारतात झाडांना लोकर येते. आणि इराणचा राजा झर्क्सिस याच्या सैन्यातल्या हिंदी तुकडीच्या अंगावर सुती कपडे, हातात वेताची धनुष्यं आणि लोखंडी टोकाचे वेताचे बाण होते. इ.स.पू. ४७९ मध्ये प्लाटीयाला ग्रीकांसमोर जी फळी उभी होती तिच्यात हे हिंदी लोकही होते.

सिंधुसागर

कापूसकोंड्या, जियो! हे वेताच्या बाणांचं आम्हाला शाळेत कुणी सांगितलंच नाही.

पुढे अलेक्झांडर इकडे आला तेव्हा त्याच्या आरमाराचा प्रमुख निआर्कस होता. त्याची टिपणं पुढे एरियन या ग्रीक इतिहासकाराने वापरली. त्यात हिंदी पायदळाचं वर्णन आहे: धनुष्य माणसाच्या उंचीचं, एक टोक जमिनीवर टेकवून डाव्या पायाने दाबायचं आणि मग दोरी ओढायची. बाण जवळजवळ तीन हात लांब, आणि ढाल किंवा छातीचं चिलखत त्यापुढे टिकत नाही. कांशाच्या पत्र्यांचं एवढं कौतुक चाललंय म्हणून हे नोंदवतो.

गडकरी_नाना

तरी झेलमवर इ.स.पू. ३२६ मध्ये जिंकला अलेक्झांडरच. पावसाने जमीन निसरडी झाली होती, धनुष्याचं टोक टेकवायला जागा राहिली नाही. हत्यार चांगलं असून भागत नाही, पाय रोवायला जमीन लागते.

आणि धनुष्याबद्दल ग्रीकांचं मत ऐका. इ.स.पू. ४२५ मध्ये स्फॅक्टेरिया बेटावर स्पार्टाचे ४२० हॉप्लाइट अडकले. अथेन्सवाल्यांनी जवळ न जाता लांबून बाण, दगड, हलके भाले मारून त्यांना जेरीला आणलं. २९२ जिवंत हाती लागले. स्पार्टाचे लोक शरण येतात यावर ग्रीसमध्ये कुणाचा विश्वास बसेना. कुणीतरी एका कैद्याला टोचून विचारलं, "मेले तेच काय ते शूर होते का?" तो म्हणाला, "शूर कोण हे ओळखणारी चाती असेल तर ती फार मोलाची म्हणायची." चाती, सूत कातायची! बाणाला तो बायकांच्या हातातली चाती म्हणत होता.

सरदेसाई_काकू

नाना, किस्सा जबरदस्त. पण मला घरखर्चाचा प्रश्न पडतो. हे सगळं विकत कोण घ्यायचं?

अश्मक

काकू, ज्याचं त्याने. सलामिस बेटावर वसवलेल्या लोकांबद्दल अथेन्सचा एक खूप जुना ठराव दगडावर कोरलेला आहे. त्यात प्रत्येकाने ३० द्राख्मांची शस्त्रं स्वतः बाळगावीत असं म्हटलंय. पुढे पाचव्या शतकाच्या शेवटी कुशल कारागिराची मजुरी दिवसाला एक द्राख्मा होती, त्यावरून थोडा अंदाज येतो. म्हणून हॉप्लाइट म्हणजे मुख्यतः थोडीफार जमीन असलेला शेतकरी. त्याहून गरीब माणूस गोफण, हलका भाला घेऊन यायचा किंवा जहाजावर वल्ही मारायचा. लढाईत मेलेल्याच्या मुलाला मात्र तो वयात आला की अथेन्स नगर स्वतःच्या खर्चाने पूर्ण सरंजाम देई, भर सणात, नाटकं बघायला जमलेल्या लोकांपुढे.

आणि या मालाचे कारखाने होते. वक्ता लिसियस याच्या कुटुंबाचा ढालींचा कारखाना होता. इ.स.पू. ४०४ मध्ये तीस जुलमी सत्ताधाऱ्यांनी तो लुटला. लिसियस कोर्टात मोजून सांगतो: ७०० ढाली आणि १२० गुलाम.

सरदेसाई_काकू

एकशेवीस गुलाम, ढालींच्या हिशेबात बसवलेले. तांबटआळी म्हणाले ना, घडवणाऱ्याचं नाव पाटीवर नसतं. ते हे लोक.

तांबटआळी

खरंय काकू.

मधली_सुट्टी

नानांच्या भाल्याला माझ्याकडून आणखी लांबी. मॅसिडोनियाच्या फिलिपने 'सारिसा' आणली, साडेचार ते सहा मीटर, दोन्ही हातांनी धरायची. पहिल्या रांगेतल्या माणसापुढे एकूण पाच टोकं आलेली असत, त्याचं आणि मागच्या चार रांगांचं, असं ग्रीक इतिहासकार पॉलिबियस लिहितो. पण हात दोन्ही गुंतले, मग ढाल छोटी करून खांद्याला अडकवावी लागली. म्हणजे लांब भाल्याची किंमत ढालीने मोजली. आता सह्यवाराच्या मूळ प्रश्नावर या ना कुणीतरी, ढालच का?

लेखणीवाला

बरेच दिवस वाचतोय, आज लिहितो.

ढालीची आतली बाजू डोळ्यांपुढे आणा. बहुतेक ठिकाणी ढाल मधोमध मुठीत धरतात. आपल्या जुन्या ढालींनाही मधे दोन कड्या आणि बोटांखाली गादी असते. ग्रीक ढालीत मधोमध कांशाचा रुंद पट्टा, त्यातून हात कोपरापर्यंत आत सारायचा, आणि मूठ थेट उजव्या कडेच्या दोरीवर. हात मधे अडकल्यावर ढालीचा डावा अर्धा भाग जातो कुठे? तुमच्या अंगाबाहेर, डावीकडे. तिथे तुमचा शेजारी उभा आहे आणि त्याची उजवी बाजू उघडी आहे.

म्हणून थ्युसिडिडीस सांगतो की ग्रीक सैन्य पुढे जाताना हळूहळू उजवीकडे सरकतं. प्रत्येक जण आपली उघडी कूस उजवीकडच्या माणसाच्या ढालीआड दडवू पाहतो. सुरुवात होते अगदी उजव्या टोकाच्या माणसापासून, कारण त्याच्या पलीकडे कुणीच नसतं.

तुमच्या गाइड बाईंनी सांगितलं ते प्लुटार्क या ग्रीक लेखकाकडे आहे. स्पार्टाचा राजा डेमारेटस याला नेमका हाच प्रश्न विचारला होता. त्याचं उत्तर: टोप आणि चिलखत माणूस स्वतःसाठी घालतो, ढाल सगळ्या रांगेसाठी.

निवांत_वाचक

चहा गार झाला. या प्रतिसादासाठी धागा वर काढत राहणार.

मुळामुठा

म्हणजे कबड्डीतली साखळी. एकाने हात सोडला की कोपऱ्यातला गेला.

सरदेसाई_काकू

एका ग्रीक कवीने मात्र उघड लिहून ठेवलंय. आर्किलोकस, इ.स.पू. सातवं शतक. ढाल झुडपाशी टाकून आलो, थ्रेसमधल्या कुणा सायी टोळीवाल्याच्या हाती ती लागली, तो मिरवत असेल, मी जीव वाचवला, तशीच दुसरी घेईन. लेखणीवाल्यांचं वाचल्यावर मला पहिल्यांदाच त्याच्या डावीकडच्या माणसाची आठवण झाली.

गडकरी_नाना

लेखणीवाले, मान्य. भाला माझा, ढाल आपली. माघार घेतो.

सह्यवारा

सगळ्यांचे मनापासून आभार. ढालीची आतली बाजू मी ऑलिंपियात पाहिली असणार. तिथे ढालींचे पट्टे आणि नक्षीच्या पट्ट्या भरपूर आहेत. पण पाहिलं म्हणजे नजर फिरवली. हात कुठून जातो हा विचारच केला नाही.

आज कागदी ताटाला मधे पट्टी आणि कडेला सुतळी लावून मुलीच्या हातात दिलं आणि मी तिच्या डावीकडे उभा राहिलो. ताटाचा अर्धा भाग खरंच माझ्या कोपरापुढे आला.

नानांनी सांगितलेल्या स्फॅक्टेरियाच्या लुटीतलं काही शिल्लक आहे का हो? परत अथेन्सला जाणं झालं तर बघेन.

लेखणीवाला

आहे. अथेन्सच्या अगोरात, म्हणजे जुन्या बाजारचौकात, अटालसच्या स्टोआतल्या (खांबांच्या लांब ओसरीतल्या) संग्रहालयात. १९३६ मध्ये एका बुजवलेल्या हौदात सापडलेली ढाल. लाकूड कुजून गेलंय, कांशाचा पत्रा चेपलेला आणि फाटलेला आहे. त्यावर ठिपक्याठिपक्यांनी ठोकून लिहिलंय: 'अथेन्सवाल्यांनी, लॅसेडेमोनियनांकडून, पायलोसहून.' लॅसेडेमोनियन म्हणजे स्पार्टाचे लोक, आणि पायलोस म्हणजे स्फॅक्टेरियाला लागूनचा किनारा. अक्षरं तिरपी आहेत, जरा खाली वाकून बघा, उजेड बाजूने पडला की दिसतात.

अशा बाकीच्या ढाली तिथूनच जवळ, चित्रांच्या स्टोआत टांगलेल्या होत्या. जवळजवळ सहाशे वर्षांनी पॉसेनियस हा प्रवासी तिथे गेला तेव्हाही त्या होत्या. काळाने आणि गंजाने खाऊ नयेत म्हणून त्यांना डांबर फासलेलं होतं.